प्रोग्राम ६४-बिट केला की पळायला लागतो का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला आणि विंडोज ११ ची ३२-बिट आवृत्ती निघालेलीच नाही. त्यामुळे जळगावच्या डाळ मिलपासून नंदुरबारच्या मिरचीच्या आडतीपर्यंत जिथे जुनं मशीन बदलतंय, तिथे हाच विषय निघतो: मशीनबरोबर सॉफ्टवेअरही ६४-बिट करून घ्यायचं का, आणि केलं तर काम किती लवकर होईल? जिनिंग, पतसंस्था आणि केळीचे व्यापारी यांचे हिशोबाचे प्रोग्राम आम्ही सांभाळतो. फोनवर जे प्रश्न येतात तेच इथे घेतले आहेत. काही उत्तरं प्रोग्राम वापरणाऱ्यांसाठी आहेत, काही लिहिणाऱ्यांसाठी.

६४ म्हणजे ३२ च्या दुप्पट. मग वेगही दुप्पट ना?

नाही. प्रोसेसर एका वेळी केवढा आकडा हाताळतो आणि मेमरीचे किती पत्ते मोजू शकतो, एवढंच बिटच्या संख्येवरून कळतं. एका शेतकऱ्याच्या खात्यावर ४२ क्विंटल आणि ३८ क्विंटल कापूस जमा करायचा असेल, तर ३२-बिट प्रोसेसर ती बेरीज एका सूचनेत करतो आणि ६४-बिट प्रोसेसरही एकाच सूचनेत करतो. वरचे ३२ बिट नुसते शून्य राहतात.

दशांशाच्या हिशोबाबद्दलही हाच गैरसमज असतो. डबल नावाचा ६४ बिटांचा दशांश आकडा ३२-बिटच्या जमान्यातही होता आणि प्रोसेसर तो थेट हाताळायचा. तिथे नवं काही मिळत नाही.

नवं मशीन ६४-बिट आणि आमचा प्रोग्राम जुना ३२-बिट. तो रडतखडत चालेल का?

व्यवस्थित चालेल. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर ३२-बिट सूचना थेट चालवतो, त्यांचं भाषांतर करत बसत नाही. फक्त विंडोजकडे काही मागायचं असेल तेव्हा वॉव६४ नावाच्या पातळ थरातून जावं लागतं. हिशोबाच्या कामात तो खर्च मोजायला गेलात तरी सापडणार नाही. एआरएम प्रोसेसरचा लॅपटॉप घेतला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे इंटेलच्या सूचनांचं खरंच भाषांतर करावं लागतं.

मग ६४-बिटने वेग वाढतो असं जे सांगतात, ते खोटं?

खोटं नाही, पण कारण चुकीचं सांगतात. वेग वाढतो तो रुंदीमुळे नाही. रुंदी वाढवताना प्रोसेसरच्या घरात जी आवराआवर झाली, तिच्यामुळे वाढतो.

इंटेलच्या ३२-बिट प्रोसेसरमध्ये सर्वसाधारण कामाचे रजिस्टर फक्त ८ होते, त्यातला एक स्टॅकसाठी, म्हणजे चालू फंक्शनांची तात्पुरती माहिती ठेवायच्या मेमरीसाठी, कायमचा अडकलेला. रजिस्टर म्हणजे मुनीमजींच्या हाताखालची जागा समजा. तिथे मावेल तेवढं पटकन होतं, न मावलेलं उठून कपाटात ठेवावं लागतं आणि परत काढावं लागतं. ३२-बिट प्रोग्रामचा बराच वेळ या उठबशीत जायचा. एएमडीने २००३ मध्ये ऑप्टेरॉन आणला तेव्हा ८ चे १६ रजिस्टर केले. दशांशाच्या गणितासाठीचे एसएसई रजिस्टरही ८ चे १६ झाले आणि एसएसई२ हा संच प्रत्येक ६४-बिट प्रोसेसरमध्ये असणारच, हे ठरून गेलं. फंक्शनला द्यायची माहिती आता स्टॅकवर न टाकता रजिस्टरमधूनच जाते. विंडोजमध्ये पहिले चार घटक, लिनक्समध्ये पहिले सहा पूर्णांक घटक. शेअर्ड लायब्ररीतला, म्हणजे अनेक प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड स्वतःच्या जागेपासूनचं अंतर मोजून डेटा गाठू शकतो. आधी त्यासाठी एक रजिस्टर खर्ची पडायचा.

इंटेलने २००१ मध्ये आयटेनियम हे अगदी वेगळं ६४-बिट घराणं काढून पाहिलं होतं. त्यावर जुने ३२-बिट प्रोग्राम रखडत चालायचे. शेवटी २००४ मध्ये इंटेलनेही एएमडीचीच पद्धत उचलली. आज तुमच्या टेबलावर आहे ती तीच.

ही आवराआवर ज्या घराण्यात झाली नाही, तिथे ६४-बिटला गेल्याने वेग वाढला नाही. सनच्या स्पार्क प्रोसेसरमध्ये रजिस्टर आधीपासूनच भरपूर होते. त्यामुळे तोच प्रोग्राम ६४-बिट करून चालवला की बऱ्याचदा थोडा मंदच व्हायचा. मोबाइलच्या एआरएम प्रोसेसरमध्ये मात्र ६४-बिटबरोबर ३१ सर्वसाधारण रजिस्टर आले, आणि तिथे फायदा दिसला.

मंदही होतो? तो कशाने?

पत्त्यांच्या लांबीने. ३२-बिट प्रोग्राममध्ये मेमरीचा प्रत्येक पत्ता, म्हणजे पॉइंटर, ४ बाइटचा असतो. ६४-बिटमध्ये तो ८ बाइटचा होतो. आकडे आणि नावं तेवढीच राहतात, पत्ते फुगतात.

समजा केळीच्या व्यापाऱ्याच्या प्रोग्रामात प्रत्येक घडाच्या वजनाची नोंद साखळीत ठेवली आहे: मागच्या नोंदीचा पत्ता, पुढच्या नोंदीचा पत्ता आणि ४ बाइटचं वजन. ३२-बिटमध्ये ही नोंद १२ बाइट घेते. ६४-बिटमध्ये ८ अधिक ८ अधिक ४ म्हणजे २० व्हायला हवेत, पण कंपायलर, म्हणजे लिहिलेल्या कोडचा चालणारा प्रोग्राम बनवणारं साधन, ती ८ च्या पटीत बसवतो, म्हणून २४ होतात. प्रोसेसर मेमरीतून माल उचलतो तो ६४ बाइटच्या गठ्ठ्याने. त्या गठ्ठ्यात आधी पाच नोंदी पुऱ्या मावत होत्या, आता दोनच मावतात. प्रोसेसरच्या आतली छोटी जलद मेमरी, म्हणजे कॅश, तेवढीच, नोंदी दुप्पट जाड. मग प्रोसेसर मेमरीची वाट बघत बसतो, आणि मेमरीची वाट बघणं हे आजच्या प्रोसेसरचं सगळ्यात महागडं काम आहे.

साखळ्या, झाडं, छोट्या छोट्या हजारो वस्तू ज्या प्रोग्रामात आहेत त्यांना हा भार जास्त. सरळ लांबलचक ॲरेवर, म्हणजे सलग रांगेत ठेवलेल्या नोंदींवर, चालणाऱ्यांना जवळपास नाही. म्हणून आमचा सल्ला असा की ६४-बिट करणार असाल तर साखळ्या मोडून ॲरे करा. पत्त्याच्या जागी ४ बाइटचा अनुक्रमांक ठेवला तरी भागतं. हा बदल ३२-बिटवरसुद्धा फायद्याचाच आहे.

मोठ्या मंडळींनाही हे टोचलं आहे. क्रोम ब्राउझरच्या व्ही८ इंजिनने २०२० मध्ये ६४-बिटवर असूनही आतले पॉइंटर ३२ बिटांत दाबून ठेवायला सुरुवात केली. लिनक्सवाल्यांनी एक्स३२ नावाचा मधला मार्ग काढला होता: रजिस्टर १६, पण पॉइंटर ४ बाइटचे. कल्पना छान होती, वापरणारे फारसे मिळाले नाहीत.

जावाच्या प्रोग्रामला ३२ जीबीच्या आत ठेवा म्हणतात, ते काय?

त्याच दुखण्यावरचा इलाज. हीप, म्हणजे जावा आपल्या वस्तू ठेवते ती मेमरी, ३२ जीबीपेक्षा कमी असेल तर ६४-बिट जावा पत्ते ४ बाइटमध्ये दाबून ठेवते. प्रत्येक वस्तू ८ च्या पटीत बसलेली असल्याने ४ बाइटमधून ४ जीबीच्या आठपट, म्हणजे ३२ जीबी गाठता येतात. हीप ३३ जीबी केलात की ही सवलत जाते, सगळे पत्ते ८ बाइटचे होतात आणि ३१ जीबीत मावत होता त्यापेक्षा कमी माल मावतो. वाढवायचीच असेल तर ती बरीच वाढवा, ३२ च्या उंबरठ्यावर थांबू नका.

आमच्या मशीनमध्ये १६ जीबी रॅम आहे, तरी सीझनचा रिपोर्ट काढताना "मेमरी अपुरी" येतं. का?

इथे मात्र ६४-बिटचा खरा, निर्विवाद फायदा आहे. ३२ बिटांत ४ जीबीपेक्षा जास्त पत्ते मोजताच येत नाहीत, आणि विंडोज त्यातले साधारणपणे २ जीबीच प्रोग्रामला देतं. रॅम १६ असो की ६४, त्या प्रोग्रामला २ च्या पलीकडचं दिसत नाही. शिवाय दिवसभर चालून मेमरीचे तुकडे पडलेले असतात, त्यामुळे २ जीबी पुरते भरण्याआधीच एखादा मोठा सलग तुकडा मिळेनासा होतो.

अशा वेळी प्रोग्राम लिहिणारे माहिती थोडी थोडी डिस्कवरून आणतात, तात्पुरत्या फायली करतात, पुन्हा वाचतात. ६४-बिट केल्यावर सगळा सीझन एकदम मेमरीत मावतो आणि तासाचं काम मिनिटांवर येऊ शकतं. डेटाबेस सर्व्हरचंही तसंच. त्याला कॅशसाठी ढीगभर रॅम देता येते.

यात एक स्वस्त वाटही आहे आणि ती फार कमी लोकांना ठाऊक असते. ३२-बिट प्रोग्राम तसाच ठेवून त्याला फक्त "लार्ज ॲड्रेस अवेअर" अशी खूण लावली, तर ६४-बिट विंडोजवर त्याला २ च्या जागी पूर्ण ४ जीबी मिळतात. लिंकरचा, म्हणजे कोडचे तुकडे जोडून प्रोग्राम बनवणाऱ्या साधनाचा, एक पर्याय, बाकी कोड जसाच्या तसा. पत्त्याचा सगळ्यात वरचा बिट कोणी इतर कामासाठी वापरला असेल किंवा पत्ता ऋण-धन आकड्यात ठेवला असेल तर मात्र अडेल, म्हणून आधी तपासून घ्या.

आमचा प्रोग्राम डॉसच्या फॉक्सप्रो या डेटाबेस भाषेतला आहे. तो ६४-बिटवर जलद होईल?

तो उघडणारच नाही. डॉसचे आणि १६-बिट विंडोजचे प्रोग्राम चालवणारा भाग ६४-बिट विंडोजमध्ये ठेवलेलाच नाही. खान्देशात असे प्रोग्राम अजूनही पुष्कळ आहेत, आणि खरं सांगायचं तर त्यातले कित्येक झकास चालतात. निळी स्क्रीन, माऊसला हात न लावता दिवसाकाठी शेकडो काटापट्ट्या, म्हणजे वजनाच्या पावत्या. ते बदलायचे तर ते धीमे आहेत म्हणून नाही, त्यांना चालवणारं मशीन मिळेनासं होतंय म्हणून.

तात्पुरती सोय म्हणून ३२-बिट विंडोज टाकलेलं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे मशीनच्या आत चालणारं नकली मशीन, वापरता येतं. डॉसचे प्रोग्राम चालवणारं डॉसबॉक्सही आहे, पण ते मुळात जुन्या गेमसाठी बनलेलं आहे. पाच टेबलांवरून एकाच फायलीत नोंदी होत असतील तर आम्ही त्याच्या वाटेला जाणार नाही.

व्हिज्युअल फॉक्सप्रो ९ ची गोष्ट निराळी. ते ३२-बिट आहे, ६४-बिट विंडोजवर चालतं. पण मायक्रोसॉफ्टने त्याची पुढची आवृत्ती काढायची नाही असं २००७ मध्येच जाहीर केलं, ६४-बिट कंपायलर आला नाही, आणि एका टेबलाची २ जीबीची मर्यादा मशीन कुठलंही घेतलं तरी हटत नाही.

वजनकाटा, प्रिंटर, डोंगल?

प्रोग्राम ३२-बिट चालतो, उपकरणाशी बोलणारा ड्रायव्हर चालत नाही. ६४-बिट विंडोजला ड्रायव्हर ६४-बिटच लागतो, तोही डिजिटल सही केलेला. जुन्या डोंगलचा, म्हणजे प्रोग्रामच्या परवान्यासाठी मशीनला लावायच्या तुकड्याचा, असा ड्रायव्हर त्याच्या कंपनीने काढलाच नसेल तर तिथेच गाडी अडते. काट्याच्या इंडिकेटरची सीरियल केबल यूएसबीवर आणणारा अडॅप्टर घेताना ड्रायव्हर आधी विचारा. वेगाचा प्रश्नच नाही: ९६०० बॉडवर सेकंदाला जेमतेम ९६० अक्षरं येतात, ती कुठलाही प्रोसेसर झोपेत झेलेल.

एक्सेल ६४-बिट घेतलं आणि आमचे मॅक्रो बंद पडले.

६४-बिट प्रोग्राम ३२-बिट डीएलएल, म्हणजे प्रोग्रामला जोडला जाणारा तयार कोड, आपल्यात सामावून घेऊ शकत नाही. उलटही नाही. मॅक्रोमध्ये विंडोजची फंक्शनं थेट बोलावली असतील तर त्या ओळींना पीटीआरसेफ लावून पॉइंटरचे प्रकार बदलावे लागतात. डेटाबेसला जोडणाऱ्या ओडीबीसीची नोंदही दोन्हींची वेगळी असते. गंमत अशी की ६४-बिट ओडीबीसीचा प्रोग्राम सिस्टम३२ नावाच्या फोल्डरात आहे आणि ३२-बिटचा सिसवॉव६४ मध्ये. दोन्हीचं फाइलनावही एकच. गोंधळ झाला तर दोष तुमचा नाही.

एक्सेलच्या ओळी दोन्हीकडे १०,४८,५७६ च. फायली शंभरेक एमबीच्या होत नसतील तर ३२-बिट एक्सेल सोडायची घाई नाही.

६४-बिट केल्यावर व्याजात पैशाचा फरक पडतोय. प्रोग्राम चुकतोय का?

पतसंस्थेकडून हा प्रश्न आला की आम्ही खुर्ची ओढून बसतो, कारण ऑडिटरपुढे एका पैशाचा फरकही लाखाच्या फरकाइतकाच अवघड जातो.

३२-बिट प्रोग्राम दशांशाचं गणित बहुधा जुन्या एक्स८७ भागात करायचे. तिथे मधल्या पायऱ्या ८० बिटांत होतात. ६४-बिट प्रोग्राम तेच गणित एसएसई२ मध्ये ६४ बिटांत करतात. डेल्फी या भाषेत तर एक्स्टेंडेड हा प्रकार ३२-बिट विंडोजवर ८० बिटांचा आणि ६४-बिट विंडोजवर गुपचूप डबलएवढाच होतो. फरक पडतो तो पंधराव्या-सोळाव्या अंकाला. एरवी त्याचं कोणाला काही नाही. पण दैनिक शिल्लकेवरचं व्याज बरोबर अर्ध्या पैशाच्या आसपास आलं, की एका पद्धतीत ते वर जातं आणि दुसरीत खाली. हजारो खात्यांत अशी काही निघतातच.

म्हणजे आधीचं उत्तर बरोबर आणि आताचं चूक, असं नाही. रुपये-पैसे दशांशात ठेवणं हीच मुळात पडकी भिंत होती. नवा कंपायलर फक्त तिला टेकला. पैसे पूर्णांकात ठेवा, किंवा भाषेत पैशांसाठी वेगळा प्रकार असेल तर तो वापरा. डेल्फीचा करन्सी प्रकार आतून ६४-बिट पूर्णांकच आहे, दहा हजाराने गुणलेला. आणि इथे ६४ बिटांची रुंदी खरोखर कामाला येते. ३२-बिट पूर्णांकात पैसे मोजले तर ₹ २,१४,७४,८३६.४७ ला मोजपट्टी संपते. कुठलीही बरी जिनिंग सीझन संपण्याच्या कितीतरी आधी हा आकडा ओलांडते. ६४-बिट पूर्णांक ३२-बिट प्रोसेसरलाही जमतो, पण बेरजेला दोन सूचना आणि गुणाकाराला त्याहून जास्त लागतात. ६४-बिटवर एकच.

सोर्स कोड आमच्याकडे आहे. नुसतं पुन्हा कंपाइल केलं की झालं?

भाषेवर आहे. व्हिज्युअल बेसिक ६ (व्हीबी६) ला ६४-बिट कंपायलरच नाही. डेल्फीला २०११ च्या एक्सई२ पासून आहे. डॉटनेटमध्ये एनी सीपीयू निवडून "३२-बिटला प्राधान्य" ही खूण काढली की बहुतेक वेळा काम होतं.

सी आणि सी++ मध्ये जपून. पॉइंटर इंट या ३२ बिटांच्या पूर्णांकात ठेवलेला असेल तर वरचा अर्धा भाग कापला जातो, आणि हा दोष चाचणीत न दिसता मेमरी भरल्यावर भर सीझनमध्ये उगवतो. लाँग हा प्रकार लिनक्सवर ६४ बिटांचा होतो, विंडोजवर मात्र ३२ चाच राहतो. सगळ्यात वाईट म्हणजे स्ट्रक्चर जसंच्या तसं डिस्कवर लिहिण्याची सवय. नव्या प्रोग्रामने जुनी फाइल वाचली की नावाच्या जागी वजन आणि वजनाच्या जागी कचरा.

मोबाइल ॲपचं काय?

तिथे निवड उरलेली नाही. गुगल प्लेने ऑगस्ट २०१९ पासून ६४-बिट आवृत्ती सक्तीची केली. ॲपलने त्याआधीच, २०१७ च्या आयओएस ११ मध्ये ३२-बिट ॲप बंद केले.

बॅकअपला कुलूप लावायला फार वेळ लागतो. ६४-बिटने कमी होईल?

कुलूप, म्हणजे एन्क्रिप्शन, कोणतं यावर आहे. एसएचए-५१२ ची सगळी आकडेमोड ६४-बिट शब्दांत असते, ती नक्की वेगाने होते. आरएसएसारख्या पद्धतीत प्रचंड आकड्यांचे गुणाकार असतात. एक ६४-बिट गुणाकार चार ३२-बिट गुणाकारांचं काम करतो, त्यामुळे तिथे फायदा डोळ्यांना दिसतो. एईएससाठी मात्र प्रोसेसरमध्येच खास सूचना आहेत आणि त्या ३२-बिटमध्येही चालतात. बॅकअप एईएसने होत असेल तर वेळ बहुधा पेनड्राइव्ह खातोय.

मे महिन्यात मशीन मंदावतं. तेही ३२-बिटमुळे?

तो भुसावळचा उन्हाळा आहे. बाहेर ४५ अंश असताना, बंद खोलीत, पंखा धुळीने भरलेला असेल तर प्रोसेसर जळू नये म्हणून स्वतःच वेग कमी करतो. जिनिंगमध्ये तर रुईचे तंतू प्रोसेसर थंड ठेवणाऱ्या हीटसिंकवर चक्क गादी घालतात. कॅबिनेट उघडून ब्लोअर मारा.

नवं मशीन, नवा ६४-बिट प्रोग्राम, आणि काम खरंच झटक्यात होतंय. मग तुम्ही असं का म्हणता?

कारण तुम्ही एकदम चार गोष्टी बदलल्या. जुन्यात फिरणारी हार्ड डिस्क होती, नव्यात एसएसडी आहे. प्रोसेसर दहा वर्षांनी पुढचा, रॅम चौपट. श्रेय बहुतेक एसएसडीचं आहे.

खरं पाहायचं तर एकाच मशीनवर, त्याच डेटावर, दोन्ही आवृत्त्या आलटून पालटून चालवा. पहिली फेरी धरू नका, तेव्हा फायली मेमरीत आलेल्या नसतात. त्याच वेळी टास्क मॅनेजर उघडा ठेवा. डिस्क १०० टक्के आणि प्रोसेसर आरामात असेल, तर बिट बदलून काही होणार नाही. एक कोर तापलेला आणि डिस्क गप्प असेल, तर ६४-बिट करून पाहण्यात अर्थ आहे. दोन्ही गप्प असूनही स्क्रीन अडकत असेल तर नेटवर्क बघा. शेअर केलेल्या फोल्डरातली टेबलं वायफायवरून उघडली जात असतील, किंवा शेतकऱ्याच्या नावावर इंडेक्सच, म्हणजे पटकन शोधायची सूचीच, नसेल. आमच्या पाहण्यात रखडणाऱ्या प्रोग्रामांचं दुखणं बहुतांशी इथेच निघतं, आणि त्याचा इलाज एका दुपारचा असतो.

२०३८ ची भीती खरी आहे का?

ज्या प्रोग्रामात वेळ ३२-बिट सेकंदांत मोजली जाते, त्यांचं घड्याळ १९ जानेवारी २०३८ ला सकाळी ८ वाजून ४४ मिनिटं ७ सेकंदांनंतर उलटं फिरतं. आज पंधरा वर्षांची ठेव घेणाऱ्या संस्थेसाठी हे पुढचं नाही, आत्ताचं आहे. मुदतीची तारीख चुकीची छापली जाऊ शकते. वेगासाठी नाही, पण यासाठी तरी कोड तपासून घ्या. फॉक्सप्रोच्या डीबीएफ फायलींतली तारीख आठ अंकांत लिहिलेली असते, तिला हा धोका नाही. आणि फायलीत वेळ ४ बाइटमध्ये साठवली असेल तर प्रोग्राम ६४-बिट करूनही धोका तसाच राहतो.

"पैसा ते लागतीन, पन काम झट व्हई का?"

मेमरी अपुरी पडत असेल, मोठं गणित असेल, मोठा डेटाबेस सर्व्हर असेल, तर हो, लावा पैसा. काटापट्टी, बिलं, खतावणी एवढंच असेल तर वेगासाठी एक रुपयाही लावू नका. तेच पैसे एसएसडी आणि चांगल्या स्विचवर टाका. प्रोग्राम बनवणाऱ्याने जुन्या आवृत्तीची देखभाल बंद केली असेल तर बदलावं लागेलच, पण मग ते त्या कारणासाठी आहे हे समजून करा.

बदलायचं ठरलं तर जिनिंगवाल्यांनी आखाजी (अक्षय्य तृतीया) झाल्यावर हात घालावा आणि पोळ्याच्या आत उरकावं. पतसंस्थांनी मार्चअखेरच्या आसपास अजिबात नाही. केळीला मोकळा हंगामच नसतो, म्हणून तिथे जुना आणि नवा प्रोग्राम महिनाभर शेजारी शेजारी चालवा, रोज संध्याकाळी दोन्हींची बेरीज जुळवा, आणि महिनाभर जुळली की मगच जुनं मशीन हलवा.